सिगरेट त्यांनी सोडलीय, आता घरच्यांनी काय करायचं?

या अंकातल्या प्रश्नोत्तरांसाठी एकाच विषयावरची पत्रं निवडली आहेत. ती लिहिणाऱ्यांपैकी कुणीही स्वतः ओढत नाही. घरातलं कुणीतरी सोडू पाहतंय आणि आपण काय करावं हे त्यांना कळत नाहीये. उत्तरं छातीविकारांचे डॉक्टर आणि तंबाखूमुक्तीचे समुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत. औषधांच्या मात्रा समजण्यापुरत्या दिल्या आहेत. सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

प्रश्न : आमच्या ह्यांनी गुढीपाडव्याला सिगरेट सोडली. दिवसाला बारा-पंधरा ओढायचे. आज चौथा दिवस. कुणी काही बोललं की अंगावर येतात, मुलांवर ओरडतात, रात्री तीनला उठून बसतात. काल माझ्याच तोंडून गेलं, ‘असंच वागायचं असेल तर ओढा एकदाची!’ तेव्हापासून मला चैन नाही. हे किती दिवस चालणार? (सांगली)

उत्तर : चौथा दिवस म्हणजे सगळ्यात उभा चढ त्यांनी जवळजवळ चढून टाकलाय, हे आधी दोघांनीही लक्षात घ्या. धुरातलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. दिवसाला पंधरा ओढणाऱ्याच्या मेंदूला दर तासाला हा पुरवठा मिळायची वर्षानुवर्षांची सवय असते. तो थांबला की काही तासांतच चिडचिड, घालमेल, लक्ष न लागणं सुरू होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास टोकाला जातो आणि मग हळूहळू उतरतो. बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत पुष्कळ कमी होतो. वाढलेली भूक मात्र त्यापुढेही राहते.

कालच्या वाक्याबद्दल. ते मनात ठेवून कुढू नका, आजच बोलून टाका. ‘काल मी चिडून बोलले. तुम्ही ओढावी असं मला मुळीच वाटत नाही. डोकं तापलं की आतल्या खोलीत जाऊन बसा, मुलांकडे मी बघते.’ एवढं पुरे. मुलांनाही सांगा की बाबांनी सिगरेट सोडलीय, म्हणून थोडे दिवस त्यांना राग लवकर येईल, तुमचं काही चुकलेलं नाही. मुलांना हे छान कळतं. न सांगितलं तर ती आपल्याच वागण्यात खोट शोधत बसतात.

आता चहा. ही गोष्ट फार थोड्या घरांत माहीत असते. सिगरेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा नेहमीपेक्षा भराभर करतं. धूर थांबला की काही दिवसांत हा वेग उतरतो आणि तेवढाच चहा प्यायला तरी रक्तातलं कॅफिन जवळपास दुपटीवर जाऊ शकतं. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री तीनला टक्क जाग, हे सगळं सिगरेट सुटल्याच्या खात्यावर जमा होतं. त्यातलं बरंचसं चहाचं असू शकतं. दिवसाला सहा कप होत असतील तर तीन करा आणि दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद. शिवाय चहा आणि सिगरेट यांची जोडी जुनी असते, म्हणून चहाची जागाही बदला. गॅलरीत उभं राहून पीत असतील तर स्वयंपाकघरात, ओट्याशी तुमच्याबरोबर. संध्याकाळच्या चहाऐवजी ताक किंवा कोकम सरबत.

तलफ जेव्हा येते तेव्हा ती आता संपणारच नाही असं वाटतं. प्रत्यक्षात ती साधारण तीन ते पाच मिनिटांत चढून ओसरते. ही पाच मिनिटं काढायची आहेत, अख्खा दिवस नाही. ग्लासभर पाणी घोट-घोट प्यावं, तोंडात लवंग किंवा वेलची धरावी, जिना उतरून पुन्हा चढावा. फ्रीजमध्ये गाजर-काकडीच्या फोडी चिरून ठेवा, खिशात बडीशेपेची पुडी द्या. सुपारी मात्र देऊ नका. तंबाखू नसलेल्या सुपारीनंही तोंडाचा कर्करोग होतो, आणि सिगरेट सुटून सुपारी लागलेली माणसं आम्ही नेहमी पाहतो.

आणि त्यांनाच विचारा : ‘तलफ आली की मी काय करू? बोलू की गप्प राहू?’ कुणाला पाठीवर हात हवा असतो, कुणाला एकटं सोडलेलं बरं वाटतं. आपल्याला जे बरं वाटेल ते समोरच्याला बरं वाटेल असं नसतं. शर्टाचा वास घेणं, खिसे तपासणं, रोज संध्याकाळी ‘ओढली नाही ना?’ विचारणं टाळा. त्यानं ओढणं थांबत नाही, सांगणं थांबतं.

घरातलं सामान आवरा : ॲशट्रे, लायटर, स्कूटरच्या डिकीतलं अर्धं पाकीट, पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवलेलं पाकीट. पडदे आणि जाकिटं धुऊन टाका, कारण जुना वास नाकात गेला तरी तलफ जागी होते. पहिले काही आठवडे खोकला वाढू शकतो आणि पोट साफ होत नाही. दोन्ही तात्पुरतं असतं. पाणी, फळं, पालेभाजी वाढवा. एकटंच औषधाविना झुंजत असतील तर निकोटीनचा पॅच, म्हणजे त्वचेतून थोडं-थोडं निकोटीन देणारी चिकटपट्टी, आजही सुरू करता येतो, त्यासाठी उशीर झालेला नाही. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला सहसा 21 मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग 14 चा दोन आठवडे आणि 7 चा दोन आठवडे देतात. दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी लावायचा, दर चोवीस तासांनी बदलायचा आणि रोज जागा बदलायची. भयंकर स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून ठेवावा.

उदासपणा दोन आठवड्यांनंतरही वाढतच असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं ते बोलून दाखवत असतील, तर वाट पाहू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : बाबा 61 वर्षांचे आहेत, चाळीस वर्षं बिडी. रोज एक बंडल संपायचं. दम लागतो म्हणून थिओफिलिनच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी दटावल्यावर बिडी सोडली, पण आता तंबाखू-चुना मळतात. ‘धूर तर नाही ना?’ म्हणतात. निकोटीनचा गम आणून दिला, तर तोंड पोळतं, उचकी लागते म्हणून दोन दिवसांत फेकून दिला. (निफाड)

उत्तर : बाबांनी बिडी सोडली हे खरोखर मोठं काम आहे आणि ते त्यांना ऐकवा. बिडीला फिल्टर नसतो, तेंदूच्या पानातून हवा कमी खेळते, त्यामुळे ती विझू नये म्हणून झुरके जोरात आणि घाईघाईनं घ्यावे लागतात. चाळीस वर्षांनी ते थांबलंय.

तंबाखू-चुना हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्यानं रक्तात उतरतं, म्हणून तो बिडीची भूक भागवतो आणि म्हणूनच तो सुटणं तितकंच अवघड जातं. तोंडाचा, अन्ननलिकेचा कर्करोग धुराविनाही होतो. मशेरीचंही तेच. घरात आजी मशेरी लावत असतील तर त्यांचा डबा बाबांच्या हाताशी राहणार नाही एवढं बघा.

गम वाया गेला तो बहुधा चघळण्याच्या चुकीनं. नाव गम असलं तरी तो चुइंगमसारखा सतत चावायचा नसतो. सतत चावला की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. मग घसा जळतो, उचकी लागते, मळमळतं आणि तलफही भागत नाही, कारण पोटातून गेलेलं बरंचसं निकोटीन यकृतातच संपतं. रीत अशी : दहा-पंधरा वेळा सावकाश चावायचा. मिरी चावल्यासारखी झणझण आली की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्या मध्ये दाबून ठेवायचा. मिनिटभरात झणझण ओसरते, मग पुन्हा थोडा चावून दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असं अर्धा तास, मग कागदात गुंडाळून टाकून द्यायचा. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, थंड पेय काही नको. आंबटपणामुळे निकोटीन तोंडातून शोषलं जात नाही. चहा पिऊन लगेच गम तोंडात टाकणं ही सगळ्यात जास्त घडणारी चूक.

दुसरी चूक मात्रेची. दिवसाला दोन-तीन गम घेऊन ‘काही उपयोग नाही’ म्हणणारे पुष्कळ असतात. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला निदान नऊ-दहा लागतात. पुढचे तीन आठवडे दर दोन ते चार तासांनी आणि शेवटचे तीन आठवडे दर चार ते आठ तासांनी. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी पेटवणाऱ्याला 4 मिलिग्रॅमचा लागतो, त्याहून उशिरा ओढणाऱ्याला 2 चा चालतो. 4 च्या गमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. कवळी असेल तर गम चिकटतो, अशा वेळी पॅच सोयीचा. चोवीस तास पॅच आणि तलफेच्या वेळी गम असं दोन्ही मिळून घेतलं तर एकट्या गमपेक्षा यश जास्त येतं. बाबांच्या बाबतीत आम्ही डॉक्टरांशी हेच बोला असं सुचवू.

थिओफिलिनबद्दल मात्र याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. वर चहाबद्दल जे सांगितलं तेच या औषधाला लागू आहे. धूर बंद झाला की थिओफिलिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि जुनीच गोळी जास्त पडू लागते. मळमळ, उलटी, छातीत धडधड, हातांना कंप ही त्याची लक्षणं. हा फरक निकोटीनमुळे पडत नाही, धुरामुळे पडतो. म्हणून तंबाखू चालू असली किंवा गम घेत असले तरी मात्रा तपासावीच लागते. गोळी स्वतःहून कमी करू नका. क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारख्या मानसिक आजारांवरच्या काही औषधांचंही असंच होतं, हे इतर वाचकांनीही ध्यानात ठेवावं.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मिस्टरांची अँजिओप्लास्टी झाली. गम किंवा पॅच चालू असताना सिगरेट ओढली तर हार्ट अटॅक येतो असं शेजारी सांगतात. म्हणून ते औषधही घेत नाहीत आणि सिगरेटही सोडत नाहीत. (डोंबिवली)

उत्तर : या समजुतीनं फार नुकसान केलंय. पॅच लावलेला असताना एखादी सिगरेट ओढली गेली तर जास्तीत जास्त मळमळेल, डोकं गरगरेल. हृदयविकार स्थिर असलेल्यांना निकोटीनचा गम-पॅच देता येतो आणि दिलाही जातो. झटका येऊन दोन आठवडेही झाले नसतील, छातीत वारंवार दुखत असेल किंवा ठोके गंभीररीत्या अनियमित असतील, तर मात्र हृदयरोगतज्ज्ञांनीच ठरवावं. सिगरेटमध्ये निकोटीनबरोबर कार्बन मोनॉक्साइड असतो, तो रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो, आणि धुरानं रक्त गोठण्याकडे झुकतं. पॅचमध्ये यातलं काही नाही. शेवटच्या सिगरेटनंतर एक-दोन दिवसांत कार्बन मोनॉक्साइड रक्तातून जातो. वर्षभरात सिगरेटमुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका साधारण निम्म्यावर येतो.

प्रश्न : मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे, वय 20. सुट्टीत आला तेव्हा बॅगेत पाकीट सापडलं. मी देवासमोर माझी शपथ घ्यायला लावली. आता फोनवर तुटक बोलतो. पैसे कमी पाठवू का? (लातूर)

उत्तर : पैसे कमी करू नका, आणि शपथ परत घ्या. ‘मी घाबरून शपथ घातली, ती मी मोकळी केली’ असं साध्या शब्दांत सांगा. शपथेत अडकलेला मुलगा ओढतोच, फक्त आता त्याच्या मनात आईला काही झालं तर माझ्यामुळे अशी भीतीही असते. ती भीती घालवायला तो आणखी एक पेटवतो.

मग विचारा. दिवसातून किती? पहिली कधी? एकटा असताना ओढतोस की टपरीवर चहाबरोबर, मित्रांत? उठल्या-उठल्या ओढत नसेल आणि दिवसाला चार-पाचच असतील तर शरीर अजून फारसं गुंतलेलं नाही, गुंतलीय ती सोबत. अशा मुलाला औषधापेक्षा एका मित्राची साथ जास्त उपयोगी पडते. दोघांनी मिळून तारीख ठरवावी, पहिले तीन आठवडे टपरीऐवजी मेसमध्ये चहा प्यावा, आणि कुणी पुढे केली तर ‘सोडलीय’ एवढा एकच शब्द तयार ठेवावा. लांबलचक कारणं देत बसलं की मित्र कारणं खोडत बसतात. महाराष्ट्रात सुट्या सिगरेटी-बिड्यांच्या विक्रीवर 2020 मध्ये बंदी आली, तरी त्या मिळतातच, आणि सुटी घेणाऱ्याला आपण दिवसाला किती ओढतो याचा अंदाज राहत नाही. त्याला आठवडाभर मोबाइलमध्ये फक्त नोंद करायला सांगा. एक 18 रुपयांची धरली तर रोज पाच म्हणजे महिन्याला 2,700 रुपये. आकडा त्यानंच काढू दे. व्हेपचा, म्हणजे ई-सिगरेटचा, पर्याय तो सुचवेल. ई-सिगरेटच्या विक्रीवर देशात 2019 पासून कायद्यानं बंदी आहे, आणि त्यातही व्यसन लावणारं निकोटीनच असतं.

प्रश्न : धाकट्या भावानं सात आठवडे सिगरेटला हात लावला नव्हता. मामेभावाच्या हळदीच्या रात्री मित्रांबरोबर दारू झाली आणि तीन ओढल्या. आता ‘सगळं पाण्यात गेलं’ म्हणून पाकीट विकत आणलंय. (कोल्हापूर)

उत्तर : तीन सिगरेटींनी सात आठवडे पुसले जात नाहीत. धोका आता त्या पाकिटात आहे. घसरल्यावर ‘आता काय उरलं’ या विचारानं पुढचे दोन-तीन दिवस ओढलं जातं आणि तिथून जुनी सवय परत बसते. म्हणून आजचा दिवस महत्त्वाचा. पाकीट त्याच्या हातानं मोडून, पाण्यात भिजवून टाकू द्या. तुम्ही हिसकावून घेऊ नका. पॅच किंवा गम चालू असेल तर तो तसाच चालू ठेवायचा. घसरलो म्हणून औषध बंद करणं ही उलटी चूक आहे.

दोन दिवसांनी शांतपणे त्या रात्रीकडे पाहा. कुणी दिली, कितव्या पेल्यानंतर, तेव्हा हातात काय होतं. सोडल्यानंतर पहिले तीन महिने दारू शक्यतो नकोच, कारण ‘नाही’ म्हणण्याची ताकद तीच आधी काढून घेते. लग्नसराईत ते अगदीच अशक्य असेल तर ओढणाऱ्यांच्या घोळक्यातून लवकर निघायचं आणि न पिणाऱ्या एकाला आधीच सांगून ठेवायचं. तो एक तुम्ही व्हा. दिवस मोजत असेल तर गणती शून्यावर आणू नका. ‘पन्नास दिवसांत एकच रात्र ओढली’ असं म्हणा, ते खरंही आहे.

घसरण पुन्हा-पुन्हा होत असेल तर सिगरेट सोडायला मदत करणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. व्हॅरेनिक्लिन सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी कमी मात्रेनं सुरू करतात आणि सहसा बारा आठवडे देतात. मळमळ हा त्याचा नेहमीचा त्रास, म्हणून जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. ब्युप्रोपिऑन एक ते दोन आठवडे आधी सुरू होतं, पण फिट्स येणाऱ्यांना चालत नाही. कायमचं सुटण्याआधी बहुतेकांचे अनेक प्रयत्न झालेले असतात.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे. हे गॅलरीत दार लावून ओढतात. चालेल ना? (पनवेल)

उत्तर : नाही. धूर दाराच्या फटीतून आत येतो, आणि ओढून आल्यावर केसांत, शर्टावर, श्वासात राहिलेला बाळाच्या नाकात जातो. अशा घरांतल्या बाळांना छातीचे आणि कानाचे संसर्ग जास्त होतात, झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोकाही वाढतो. सुटेपर्यंत निदान एवढं : इमारतीच्या बाहेर जाऊन ओढणं, आल्यावर शर्ट बदलून हात-तोंड धुणं, गाडीत कधीही नाही आणि बाळाशेजारी एकाच गादीवर झोपणं नाही.

प्रश्न : माझी मोठी बहीण ओढते हे फक्त मला ठाऊक आहे. वय 37, गर्भनिरोधक गोळ्या चालू. सोडायची आहे, पण दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटेल याची भीती, आणि जाडी वाढेल याची त्याहून जास्त. (नागपूर)

उत्तर : ताईंचं गुपित तुमच्यापाशीच राहू द्या. त्या विश्वासावरच त्यांना मदत मिळणार आहे. चोरून ओढणाऱ्या बाईला दुहेरी ओझं असतं, सोडण्याचं आणि लपवण्याचं, आणि तिचं कौतुक करायलाही कुणी नसतं. ते काम तुमचं.

गोळ्यांचं आधी बघा. पस्तिशीनंतर सिगरेट आणि इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी एकत्र चालत नाही. रक्ताची गुठळी, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका बराच वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून दुसरं साधन ठरवून घ्या, त्यासाठी थांबू नका.

दवाखान्याची भीती असेल तर फोन आहे. सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला 1800-11-2356 हा राष्ट्रीय क्विटलाइनचा (तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा) नंबर, फोन फुकट आणि मराठीतूनही बोलता येतं. पहिल्या फोनच्या वेळी तुम्ही शेजारी बसा. तुमच्या घरून, दार लावून. फोनआधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवायला सांगा : दिवसाला किती, उठल्यावर किती वेळानं पहिली, आणि आधी कधी सोडली होती का. समोरूनही हेच विचारतात.

वजन वाढतं, ते नाकारू नका. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो, काहींचं अजिबात नाही. पण सोडण्याच्या पहिल्या महिन्यात डाएट सुरू करू नका. उपाशीपोटी तलफ जास्त छळते आणि दोन लढाया एकाच वेळी झेपत नाहीत. घरात फरसाण-बिस्किटांऐवजी फुटाणे, मुरमुरे, फळं ठेवा आणि रोज अर्धा तास तुम्ही दोघी मिळून चाला. शक्यतो त्याच वेळी, ज्या वेळी त्या गच्चीवर जायच्या.